भट्टीच्या वेळेनं चालणारा दिवस

१९५९ चा उन्हाळा. लुचिओ फोन्ताना साठ वर्षांचा आहे. फेब्रुवारीत मिलानच्या नाविल्यो गॅलरीत त्यानं सुरीनं चिरलेले कॅनव्हास मांडले, मार्चमध्ये पॅरिसलाही दाखवले, आणि ‘कॅनव्हास फाडणारा माणूस’ अशी त्याची ओळख तेव्हापासून जी चिकटली ती आजही सुटलेली नाही. पण उन्हाळा आला की तो मिलान सोडतो आणि लिगुरियाच्या किनाऱ्यावर, साव्होनाशेजारच्या अल्बिसोला या कुंभारांच्या गावी येतो. पुष्कळ पुस्तकांत या मुक्कामांना एखादा परिच्छेद मिळतो, सुट्टीतला विरंगुळा असावा तसा. मला हे उलटं वाटतं. त्याच्या हातांची खरी नोकरी इथेच होती. कॅनव्हासला त्यानं जे शिकवलं ते त्याला मातीनं शिकवलेलं होतं.

इथे लिहिलेला दिवस कुठल्या एका तारखेचा नाही. त्या उन्हाळ्यात तिथे जे काम चाललं होतं आणि असं काम ज्या क्रमानं करावं लागतं, त्यावरून तो जुळवला आहे.

पहाटे ५

दिवस सुरू होतो तो फोन्तानाविना. कारखान्यात पहिला येतो तो भट्टीवाला. आदल्या दिवशी विझवलेली भट्टी रात्रभर निवत राहिली आहे. तो दारावर हात ठेवून बघतो, आत डोकावायच्या भोकाशी तोंड नेऊन वाफेचा अंदाज घेतो, आणि बहुधा परत फिरतो. अजून वेळ आहे. भट्टी गरम असताना दार उघडलं की बाहेरची गार हवा आत घुसते आणि टिकटिकल्यासारखा बारीक आवाज करत भांडी तडकू लागतात. आठवड्याचं काम मिनिटभरात जातं. म्हणून इथे कुणाच्या नावलौकिकाला किंमत नाही. फोन्ताना असो की आणखी कुणी, भट्टी निवेल तेव्हाच तिचं दार उघडणार.

अल्बिसोलात हे शतकानुशतकं चालत आलं आहे. डोंगरातून सान्सोब्बिया नदी येते, माती आणते. डोंगरावर जळणासाठी पाइनची झाडं. समोर समुद्र, म्हणजे माल बोटीत चढवायची सोय. साव्होना आणि अल्बिसोलाची पांढऱ्यावर निळ्या नक्षीची भांडी सतराव्या शतकात दूरवर जात. विसाव्या शतकात या गावाला दुसरा जन्म मिळाला तो मात्सोत्ती घराण्यामुळे. ज्युसेप्पे मात्सोत्तीनं १९०३ मध्ये कारखाना काढला. त्याच्या मुलांपैकी तोरिदो चाकावर बसला, आणि तुल्लिओनं कवी, चित्रकार, शिल्पकार गोळा केले. तुल्लिओ फ्युचरिस्टांच्या गोटातला. १९३८ मध्ये त्यानं त्यांचा पुढारी मारिनेत्ती याच्याबरोबर सिरॅमिकचा जाहीरनामा काढला. कारखान्याची नवी इमारतही फ्युचरिस्ट वास्तुकार निकोलाय द्युलगेरॉफ याच्याकडून बांधून घेतली होती. फोन्ताना आणि तुल्लिओ एकाच वर्षी जन्मलेले, १८९९ मध्ये. १९३५–३६ च्या सुमारास फोन्ताना पहिल्यांदा या कारखान्यात कामाला आला, आणि मधली अर्जेंटिनातली वर्षं सोडली तर येतच राहिला.

सकाळी ७

माती मळायला घेतली आहे. लालसर माती, लोह भरपूर असलेली. तिची मोठी ढेप तारेनं दोन तुकड्यांत कापायची, एक तुकडा उचलून दुसऱ्यावर आपटायचा, पुन्हा कापायचं, पुन्हा आपटायचं. कापलेल्या पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रं दिसली की आत हवा आहे असं समजायचं. मोठ्या कामासाठी तिच्यात भाजलेल्या मातीचा चुरा मिसळतात. चुऱ्यामुळे माती जरा मोकळी राहते, वाळताना कमी आकसते, आतलं पाणी बाहेर पडायला वाट मिळते. तरीही वाळून भाजून होईपर्यंत काम दहा टक्क्यांच्या आसपास लहान होतंच. आज जे हातात आहे ते उद्या हातात नसणार, हे गृहीत धरून मोठं करावं लागतं.

आपल्याकडे शाडूचा गणपती घडवणाऱ्याला मूर्ती कितीही भरीव ठेवली तरी चालते, कारण ती भट्टीत जात नाही. विसर्जनाला पाण्यात जाते. भाजायच्या शिल्पाला ही मोकळीक नाही. भरीव गोळा भट्टीत ठेवला आणि त्याच्या पोटात थोडं जरी पाणी उरलं, तर शंभर अंशांवर त्याची वाफ होते, तिला वाट मिळत नाही आणि शिल्प आतून फुटतं. सोबत शेजारची चार भांडीही घेऊन जातं. म्हणून इटलीतले मातीचे शिल्पकार पंधराव्या शतकापासून, लुका देल्ला रोब्बियाच्या काळापासून, शिल्पाच्या पाठीतून माती कोरून काढत आले.

हे फोन्तानाला लहानपणापासून ठाऊक असणार. त्याचा बाप लुइजी शिल्पकार. वारेसे भागातला हा माणूस नशीब काढायला अर्जेंटिनात गेला आणि रोसारिओ शहरात त्यानं स्मारकांचा, थडग्यांच्या शिल्पांचा व्यवसाय उभारला. लुचिओ तिथेच जन्मला, सहा-सात वर्षांचा असताना इटलीत आला, पहिल्या महायुद्धात स्वेच्छेनं सैन्यात गेला, जखमी झाला, पुढे परत अर्जेंटिनात जाऊन बापाच्या व्यवसायात लागला. म्हणजे कला म्हणून शिल्प हातात येण्याआधी धंदा म्हणून शिल्प त्याच्या हातात होतं: प्लास्टरचे साचे, गिऱ्हाइकाच्या मागण्या, कामगारांची मजुरी. कारखान्यातल्या माणसांशी त्याचं आयुष्यभर जे सहज जमलं, त्याचं मूळ मला या दुकानात दिसतं.

सकाळी ९

फोन्ताना आला आहे. अल्बिसोला मरिनात, समुद्रापासून चार पावलांवर, पोत्सो गारित्ता नावाच्या छोट्या चौकात त्याची कामाची जागा आहे. माणूस नीटनेटका; मिशी कातरलेली, बोलण्यात मिलानच्या इटालियनमध्ये अर्जेंटिनाची स्पॅनिश मिसळलेली. आज त्याला गोळे करायचे आहेत.

या गोळ्यांना त्यानं ‘नातुरे’ असं नाव दिलं. १९५९ आणि १९६० या दोन वर्षांत अल्बिसोलात केलेली ही मालिका माझ्या मते त्याचं सर्वांत मोठं काम आहे, चिरलेल्या कॅनव्हासांपेक्षाही. गोळा म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो गुळगुळीत, वाटोळा आकार. हे तसे नाहीत. मिठीत घ्यावे लागतील एवढे मोठे, खाली जरा बसलेले, तळहाताचे आणि फळीचे ठसे अंगावर तसेच ठेवलेले. कुठे माती वर थापली आहे तिचा काठ दिसतो. कुंभार ज्या खुणा पुसून टाकतो, त्या इथे राखल्या आहेत.

गोळा घडवायला तास दीड तास जातो. थापायचं, फिरवायचं, मागे सरून बघायचं, पुन्हा थापायचं. माती फार ओली असेल तर गोळा स्वतःच्या वजनानं पसरतो. फार कडक झाली तर पुढचं काम फाटतं. बोटानं दाबली तर ठसा उमटावा पण बोटाला चिकटू नये, अशी एक अवस्था येते. त्या अवस्थेची वाट बघत उभं राहावं लागतं. उन्हाळ्यात समुद्रावरून वारा आला तर ती लवकर येते, दमट हवा असेल तर दुपार उजाडते. ओलं फडकं गोळ्याच्या डोक्यावर टाकायचं, पायथा उघडा ठेवायचा, पंधरा मिनिटांनी फडकं काढून बोट लावून बघायचं.

आणि मग चीर. हत्यार अगदी साधं, लाकडाचं. धार नसली तरी चालते, कारण इथे कापायचं कमी आणि ढकलायचं जास्त असतं. गोळ्याच्या अंगात ते खुपसलं की माती दोन्ही बाजूंना उचलली जाते, ओठांसारखे काठ बाहेर येतात. खोल ओढत नेलं की आतली, अजून ओली असलेली माती दिसते. तिचा रंग बाहेरच्यापेक्षा गडद असतो. काही गोळ्यांना त्यानं अशी एक लांब चीर दिली, काहींना आत घुसणारं भोक. भोक पाडताना सगळा जोर खांद्यातून येतो, आणि हत्यार बाहेर काढताना त्याच्याबरोबर येणारी माती काठावर गोळा होते. ती तो तशीच राहू देतो. घाव एकदाच. माती लिंपून पुन्हा प्रयत्न करता आला असता, पण मग ती चीर राहिली नसती, दुरुस्ती झाली असती.

या चिरेबद्दल समीक्षकांनी खूप लिहिलं. त्यात चुकीचं काही नाही. फोन्तानाच्या मनात अंतराळ होतंच. स्पुट्निक उडून जवळजवळ दोन वर्षं झाली होती. या उन्हाळ्यानंतर काही आठवड्यांतच, सप्टेंबर १९५९ मध्ये, रशियाचं लूना २ चंद्रावर आदळणार होतं आणि ऑक्टोबरमध्ये लूना ३ चंद्राच्या पलीकडच्या बाजूचे फोटो पाठवणार होतं. माणूस तिथे पोचेल तेव्हा त्याला भेटणाऱ्या भयाण शांततेचा विचार या गोळ्यांमागे आहे, आणि जड पदार्थाला जिवंत करणारी खूण म्हणजे ही चीर, असं तो मानत असे. कुणी त्यांत बी पाहतं, कुणी उल्का, कुणी स्त्रीचं शरीर. पण भट्टीवाल्याच्या नजरेनं पाहिलं तर त्या चिरेला आणखी एक अर्थ आहे, आणि तो कुणी फारसा सांगत नाही: जाड मातीच्या पोटातल्या वाफेला तिथून वाट मिळते. शिल्पकार जे पाठीमागून लपवून कोरत आले ते फोन्तानानं समोर आणून ठेवलं. शिल्प आतून रिकामं असावं लागतं ही धंद्याची अट त्याच्या हाती शिल्पाचा विषय झाली. मला यात त्याची खरी प्रतिभा दिसते.

दुपारी १

काम थांबतं. गोळ्यांवर ओली फडकी. कारखाना जेवायला गेला आहे, आणि लिगुरियात दुपारच्या या वेळी रस्त्यावर कुत्रंही नसतं.

या रिकाम्या दोन तासांत त्याच्या शिक्षणाबद्दल थोडं सांगून टाकतो. १९२८ मध्ये तो मिलानच्या ब्रेरा अकादमीत अदोल्फो विल्टकडे शिकायला गेला. विल्ट संगमरवराचा जादूगार. दगड इतका घासायचा की तो मेणासारखा, हस्तिदंतासारखा वाटावा. फोन्ताना त्याचा आवडता विद्यार्थी. १९३० मध्ये शिक्षण संपलं आणि त्याच वर्षी फोन्तानानं ‘काळा माणूस’ हे शिल्प केलं: प्लास्टरचा ओबडधोबड बसलेला देह, वरून डांबर माखलेलं. गुरूकडून तंत्राची शिस्त घेतली आणि गुळगुळीतपणा तेवढा परत केला. मला हा मुद्दा महत्त्वाचा वाटतो, कारण फोन्तानाला घडवता येत नव्हतं म्हणून त्यानं फाडलं, असं अजूनही कुणी कुणी म्हणतं. विल्टच्या हाताखाली दोन वर्षं काढलेल्या माणसाला काय येत नसणार?

दुपारी ३

आता रंगांची पाळी. एकदा भाजून झालेल्या कामांवर ग्लेझ चढवायचं आहे.

पहिल्या भाजणीतून निघालेली माती तहानलेली असते. ग्लेझ म्हणजे काच होऊ शकेल अशी भुकटी पाण्यात कालवलेली. ती अंगावर पडताच माती पाणी शोषून घेते आणि वर पिठूळ थर उरतो. त्यात कथलाचं ऑक्साइड असेल तर भाजल्यावर तो दुधासारखा पांढरा होतो आणि खालचा लाल रंग झाकतो. त्यावर धातूंचे रंग: कोबाल्टचा निळा, तांब्याचा हिरवा, मँगनीजचा जांभळट तपकिरी. पण लावताना यातलं काही दिसत नाही. कोबाल्ट लावताना काळपट असतो, तांबं राखेच्या रंगाचं. म्हणजे चित्रकाराला जे समोर दिसतं त्यावर विसंबून इथे काम करता येत नाही. रंग आठवणीतून लावायचे. वर ग्लेझ जाड पडलं तर भाजताना वितळून ओघळतं, पातळ पडलं तर खरखरीत राहतं.

बहुतेक कारागीर हा ओघळ टाळायला धडपडतात. फोन्तानाला तो हवा होता. १९३६ पासून पुढच्या तीन-चार वर्षांत त्यानं इथे जे केलं ते पाहिलं की डोळे दिपतात: ऑक्टोपस, माकूळ, प्रवाळ, शिंपले, घोडे, सिंह, फुलपाखरं, केळी आणि पेअर, मोठ्या आकाराची एक मगर. समुद्रतळाशी जे सापडतं ते ओढून बाहेर काढलं आणि अजून पाणी निथळतं आहे, असं वाटतं. कारण खरोखरच ते निथळलेलं असतं. भट्टीतल्या साडेनऊशे अंशांत काच निथळली आणि गार होताना तिथेच थांबली. धातूची झाक असलेलं चमकदार ग्लेझ त्याला विशेष आवडायचं. त्यासाठी तिसऱ्यांदा, कमी आचेवर, धूर कोंडून भाजावं लागतं, आणि त्यात हमी कसलीच नसते. शिल्पाचा आकार एका जागी ठरलेला असतो. चमक मात्र उजेड हलला की हलते. घन वस्तूला तिची कड विसरायला लावण्याचा हा पहिला प्रयत्न होता, आणि तो मातीत झाला. निऑनच्या नळ्या, काळ्या म्हणजे अतिनील उजेडाची खोली, हे त्याचं सगळं काम पुढचं.

१९३७ मध्ये तो फ्रान्सला सेव्ह्रच्या सरकारी कारखान्यात गेला. तिथे पोर्सेलिनची मोठी परंपरा. त्यानं तिथेही आपली समुद्री जनावरंच केली. १९३९ मध्ये एका साप्ताहिकात आपल्या सिरॅमिकबद्दल लिहिताना त्यानं ठणकावून सांगितलं की आपण शिल्पकार आहोत, सिरॅमिकवाले नव्हे. आपण कधी चाकावर ताट काढलं नाही की फुलदाणी रंगवली नाही. हे वाक्य त्याच्या विरोधकांनी आणि चाहत्यांनी सारखंच वापरलं आहे. कुंभारांचा त्यात अपमान आहे असं मात्र मला वाटत नाही. त्या काळी इटलीत सिरॅमिक म्हणजे शोभेची वस्तू, घरातल्या कपाटावरची. माती संगमरवराच्या आणि ब्राँझच्या बरोबरीची आहे, एवढंच त्याला म्हणायचं होतं, आणि ते म्हणायला चाकाशी अंतर ठेवावं लागलं. चाकावर बसणाऱ्या तोरिदोशी त्यानं ते ठेवलं नाही.

संध्याकाळी ५

ऊन उतरलं आहे. फोन्तानाचं आजचं काम आटोपलं, पण गावात दुसरीकडे धमाल चालू आहे. सान जोर्जिओ नावाच्या नव्या कारखान्यात, जो आदल्याच वर्षी सुरू झाला, डॅनिश चित्रकार आस्गर यॉर्न डेन्मार्कमधल्या आर्हुस शहरातल्या एका शाळेसाठी भिंत करतो आहे. तीन मीटर उंच, सत्तावीस मीटर लांब. एवढी माती जमिनीवर अंथरली आहे आणि यॉर्ननं तिच्यावरून स्कूटर चालवली आहे. चाकांचे ठसे भिंतीत कायमचे राहणार.

यॉर्न इथे आला १९५४ मध्ये. त्या वर्षी मात्सोत्तींच्या कारखान्यात त्यानं देशोदेशीच्या चित्रकारांचा मेळा भरवला: कारेल अपेल, कॉर्नेइ, रोबेर्तो मात्ता, एन्रिको बाय, आणि त्यांच्यात फोन्तानाही. बहुतेकांनी त्याआधी मातीला हात लावला नव्हता. यॉर्न तर पुढे इथेच डोंगरावर घर घेऊन राहिला. फोन्ताना या सगळ्यांपेक्षा बारा ते पंचवीस वर्षांनी मोठा होता आणि गावातला जुना. नवख्यांना जी सोपी वाट वाटली, तिच्यातले खड्डे त्यानं दोन दशकं आधी मोजले होते.

संध्याकाळी ७

बारमधली टेबलं रस्त्यावर आली आहेत. फोन्ताना इथे बसला की भोवती पोरं जमतात, आणि हे त्याच्या दिवसातलं कमी महत्त्वाचं काम नाही.

त्या पोरांत पिएरो मान्झोनी आहे, सव्वीस वर्षांचा. त्याच्या घरचे लोक उन्हाळा अल्बिसोलात काढत, म्हणून फोन्ताना त्याला लहानपणापासून माहीत. १९५७ मध्ये मान्झोनी आणि त्याच्या मित्रांनी याच गावाच्या नावानं जाहीरनामा काढला. मान्झोनी एकोणतिसाव्या वर्षी गेला. त्याआधी पाचएक वर्षांत त्यानं जे केलं त्यावर अजून वाद चालतात. फोन्ताना अशा मुलांची चित्रं पैसे देऊन विकत घ्यायचा. १९५७ च्या जानेवारीत फ्रेंच चित्रकार इव्ह क्लाइननं मिलानमध्ये अकरा निळी चित्रं मांडली, सगळी एकसारखी, तेव्हा लोक हसले. फोन्तानानं एक विकत घेतलं. स्वतःच्या हाती बरा पैसा यायला लागला तो पन्नाशी उलटल्यावर. म्हणजे ही दानत सुखवस्तू माणसाची नव्हे, उशिरा यश मिळालेल्या माणसाची होती, आणि म्हणून मला ती जास्त मोलाची वाटते.

तरुणांशी असं वागणं त्याला अर्जेंटिनात सुचलं असावं. दुसऱ्या महायुद्धाची बहुतेक वर्षं तो तिकडे होता. १९४६ मध्ये ब्युनोस आयर्समधल्या त्याच्या विद्यार्थ्यांनी ‘पांढरा जाहीरनामा’ काढला. रंग, आवाज, हालचाल, काळ आणि अवकाश यांना एकत्र आणणारी नवी कला हवी, अशी त्यातली मागणी. विचार बव्हंशी गुरूचे. सही मात्र फोन्तानाची नाही, मुलांचीच. १९४७ मध्ये तो मिलानला परतला तर त्याचा स्टुडिओ बॉम्बहल्ल्यात गेलेला. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पुन्हा शून्यातून सुरुवात, आणि सुरुवात कशातून? मातीतूनच. अल्बिसोलातल्या भट्टीत भाजलेली शिल्पं विकून, मिलानच्या नव्या इमारतींवर सिरॅमिकची कामं घेऊन त्यानं पोट भरलं. त्याच काळात, १९४९ मध्ये, कॅनव्हासला पहिली भोकं पाडली. १९५१ मध्ये मिलानच्या त्रिएन्नाले प्रदर्शनात जिन्यावर सुमारे १०० मीटर निऑनची नळी वेटोळी घालून टांगली. पोटाचं काम आणि प्रयोगाचं काम असे दोन भाग त्यानं कधी पाडले नाहीत. थडग्यांच्या शिल्पांच्या दुकानात वाढलेल्या माणसाला ती वाटणी सुचलीच नसेल.

रात्री ९

मिलानहून विचारणा येत असतात: कॅनव्हास कधी देणार? फेब्रुवारीतल्या प्रदर्शनापासून चिरलेल्या कॅनव्हासांना मागणी आहे. लोकांना वाटतं, त्यात वेळ कसला लागतो. सुरी फिरवली की झालं.

१९६४ मध्ये फोटोग्राफर उगो मुलास हेच टिपायला त्याच्या मिलानच्या स्टुडिओत गेला. आणि फोन्तानानं त्याला सांगितलं की कुणी समोर असताना, कॅमेरा चालू असताना, आपल्याला चीर देता येणार नाही. मग त्यांनी असं केलं: आधी चिरलेल्या कॅनव्हाससमोर फोन्ताना सुरी धरून उभा राहिला, जणू आत्ताच हात खाली आला आहे, आणि दुसऱ्या, कोऱ्या कॅनव्हाससमोर सुरी टेकवून, जणू आता हात चालणार आहे. प्रसिद्ध असलेली ती फोटोमालिका अशी तयार झाली. प्रत्यक्ष क्षण तिच्यात नाही. मुलासला त्यातून समजलं की या कामात मुख्य भाग आहे तो चिरेआधीचा, उभं राहून बघत बसण्याचा.

आणि हे तंत्र मातीचंच आहे. कॅनव्हासवर रंग देऊन तो ओलसर असतानाच सुरी चालवायची. फार ओला असेल तर कापड सैल पडतं, फार वाळला तर रंग काठाशी तडकतो. मग चिरेचे काठ तळहातानं हळूच आत किंवा बाहेर वळवायचे, म्हणजे चीर रेघ न राहता उघडते. मागून काळी जाळी चिकटवायची, म्हणजे भिंत दिसत नाही. ओलावा ओळखणं, एकदाच घाव घालणं, आणि मग काठांना आकार देणं: सकाळी ९ वाजता गोळ्यावर जे झालं तेच. फरक इतकाच की कॅनव्हासची चीर पलीकडे उघडते आणि गोळ्याची आत.

रात्री ११

कारखान्यात भट्टी पुन्हा भरली आहे. दुपारी ग्लेझ चढवलेली कामं तिवयांवर ठेवली आहेत, एकमेकांना स्पर्श होणार नाही अशी, नाहीतर काच वितळून दोन शिल्पं जन्माची चिकटतात. आच हळूहळू वाढवायची. ५७३ अंशांच्या आसपास मातीतली वाळू अचानक फुगते आणि उतरताना तिथेच आकसते, म्हणून त्या टप्प्यावर चढतानाही आणि निवतानाही घाई चालत नाही. भट्टीवाला भोकातून आतला रंग बघतो. गडद लाल, मग चेरीसारखा, मग नारिंगी.

सकाळचे गोळे या भट्टीत नाहीत. ते मागच्या खोलीत फडक्यांखाली आहेत. आधी फडकी काढायची, मग खोलीचं दार थोडं उघडायचं, मग गोळे पालथे करून बूड वाळू द्यायचं, आणि त्यांचा रंग सगळीकडे एकसारखा फिका झाला म्हणजेच त्यांची पाळी. एवढ्या जाड मातीला यात आठवडे जातात. त्यांतले काही पुढे ब्राँझमध्ये ओतले गेले आणि जगभर पसरले. नेदरलँड्समधल्या क्रोलर-म्युलर संग्रहालयाच्या बागेत पाच आहेत, लंडनच्या टेटमध्ये आहे, आणि काही अल्बिसोलाच्या त्या किनारी रस्त्यावर आहेत जिथे १९६३ मध्ये फोन्ताना, यॉर्न आणि इतरांच्या चित्रांवरून पायाखाली मोझेक बसवलं गेलं. १९६६ मध्ये व्हेनिसच्या बिएन्नालेत त्याला मोठं पारितोषिक मिळालं ते चित्रकलेचं. १९६८ च्या सप्टेंबरमध्ये, बापाच्या मुलखात, कोमाब्बिओ या गावी तो वारला.

पण आज १९५९ आहे आणि त्याला उद्या सकाळी ७ ला माती हवी आहे. भट्टीवाल्याला त्यानं जाताना सांगून ठेवलं आहे की पुढच्या ढेपेत भाजलेला चुरा थोडा जास्त घाल, पुढचा गोळा मोठा करायचा आहे.